जुन्या कॉम्प्युटरला घेतलेली रॅम का चालत नाही? आधी चिप्स मोजा

जुना कॉम्प्युटर टाकून न देता त्यात रॅम घालून आणखी काही वर्षं वापरायचा, हा विचार चांगलाच आहे. घोळ होतो तो रॅमची पट्टी घरी आणल्यावर. स्लॉटमध्ये बसते, कड्या लागतात, बटण दाबलं की पंखा फिरतो आणि पडदा काळाच राहतो. असली मशीन मी इतक्यांदा उघडली आहेत की आता एक गोष्ट खात्रीने सांगतो: बहुतेक वेळा रॅमही धड असते आणि मशीनही धड असतं. दोघांची जोडी जमत नसते. आणि ही जोडी जमते की नाही हे पैसे देण्याआधीच, पट्टीकडे नीट बघून, पुष्कळदा कळू शकतं.

लक्षणं कशी दिसतात

- पंखे फिरतात, दिवे लागतात, पडद्यावर काहीच नाही. बरोबर लांब बीप पुन्हा पुन्हा वाजतो, किंवा अजिबात वाजत नाही.
- मशीन चालू होतं, दोन सेकंदांत बंद पडतं, परत चालू होतं. हेच चक्र चालू राहतं.
- चालू होतं, पण नव्या पट्टीची निम्मीच क्षमता दिसते, किंवा ती पट्टी दिसतच नाही.
- ८ जीबी घातली तरी विंडोज सव्वातीन जीबीच वापरता येईल म्हणतं.
- चालतं, पण तासाभराने निळा पडदा. ब्राउझरचे टॅब आपोआप मरतात, मोठी झिप फाइल उघडताना ती खराब असल्याचं सांगितलं जातं.
- जुनी पट्टी एकटी चालते, नवी एकटी चालते, दोन्ही एकत्र चालत नाहीत.

शेवटून दुसरं लक्षण सगळ्यात वाईट. न चालणारी रॅम तुमचं फारसं नुकसान करत नाही, अर्धवट चालणारी करते. कारण डिस्कवर लिहायचं सगळं आधी रॅममधून जातं, आणि तिथे बिघडलेला बिट तसाच फाइलमध्ये जाऊन बसतो. असं होत असेल तर नवी पट्टी आधी काढा, जुन्या रॅमवर मशीन चालू करा, महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर घ्या, आणि मगच पुढचं वाचा.

मशीन न उघडता करायची तपासणी

क्षमता कमी दिसत असेल तर पहिला संशय विंडोजवर घ्या. ३२ बिटची विंडोज एकूण ४ जीबीचेच पत्ते ओळखते, आणि त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स कार्ड आणि इतर उपकरणांसाठी राखून ठेवावे लागतात. म्हणून वापरायला ३ ते साडेतीन जीबी उरते. पट्टी बदलून यात काही फरक पडणार नाही. शिवाय आवृत्तीचीही मर्यादा असते: विंडोज ७ स्टार्टर २ जीबीवर थांबते, आणि ६४ बिटची असली तरी होम बेसिक ८ जीबीवर, होम प्रीमियम १६ जीबीवर.

दुसरी जागा सहसा कोणी बघत नाही. सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये बूट टॅबच्या प्रगत पर्यायांत 'मॅक्झिमम मेमरी' नावाची चौकट असते. कुणीतरी कधीतरी 'वेग वाढवायला' तिथे खूण करून ठेवलेली असते आणि तिथला आकडा तसाच गोठून राहतो. खूण काढा, मशीन पुन्हा सुरू करा.

मग बायोस, म्हणजे मशीन चालू होताना विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, उघडून तिथे किती रॅम दिसते ते बघा. हा टप्पा महत्त्वाचा आहे, कारण इथे वाट दुभंगते. बायोसला पूर्ण रॅम दिसत असेल आणि विंडोजला नाही, तर बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरकडे आहे. बायोसलाच कमी दिसत असेल तर स्क्रू ड्रायव्हर घ्या. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. इंटेलचे ९४५ मालिकेचे जुने चिपसेट (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिप्स) ४ जीबीच्या वरचे पत्ते वापरूच शकत नाहीत. अशा लॅपटॉपमध्ये २ जीबीच्या दोन पट्ट्या घातल्या तरी हाती ३ जीबी आणि थोडी वर एवढीच लागते, मग विंडोज कुठलीही असो. तिथे आणखी खर्च करू नका.

काढा, पुसा, परत बसवा

वायर भिंतीतून काढा, लॅपटॉप असेल तर बॅटरीही काढा. मग चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, मगच पट्टीला. पट्टी कडेने धरा, सोनेरी दात्यांना बोट लावू नका.

वर्षानुवर्षं एका जागी बसलेल्या पट्टीच्या दात्यांवर काळपट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला, धागे न सोडणारा कपडा घेऊन दाते एकाच दिशेने पुसा. पांढरं मऊ खोडरबर चालतं, पण हलक्या हाताने, कारण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. आणि रबराचा कण दात्यावर राहिला तर तोच पुढचा बिघाड ठरतो. स्लॉट ब्लोअरने साफ करा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो.

परत बसवताना डेस्कटॉपमध्ये दोन्ही टोकांना सारखा दाब द्या, कडीचा 'टक्' आवाज दोन्हीकडून यायला हवा. काही मदरबोर्डांवर एकाच बाजूला कडी असते, तिथे कडी नसलेली बाजू अर्धवट राहते आणि वरून कळतही नाही. लॅपटॉपमध्ये पट्टी तिरपी घालून शेवटपर्यंत आत सरकवायची आणि मगच खाली दाबायची. खाली बसल्यावरही सोनेरी पट्टा ठळक दिसत असेल तर ती पूर्ण गेलेली नाही.

बटण दाबल्यावर मिनिटभर थांबा. रॅम बदलल्यावर काही मशीन स्वतःहून एकदा-दोनदा बंद-चालू होतात आणि मग सुरू होतात.

एका वेळी एक पट्टी, एक स्लॉट

याला पैसा लागत नाही, चिकाटी लागते. फक्त जुनी पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये. चालली? तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग नवी पट्टी त्याच क्रमाने. कागदावर चार ओळी लिहून ठेवा, डोक्यात ठेवू नका. बिघाड पट्टीबरोबर फिरतो की स्लॉटला चिकटून राहतो, हे यातून कळतं. जुनी पट्टीही एखाद्या स्लॉटमध्ये चालत नसेल तर नव्या पट्टीला दोष देऊ नका. चार स्लॉटच्या बोर्डावर एकटी पट्टी कुठे लावायची ते बोर्डवर किंवा माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. अनेक बोर्डांवर ती जागा प्रोसेसरपासून दुसरी असते.

लेबल वाचणं

आता खरा विषय. जुनी, चालणारी पट्टी हातात घ्या आणि तिच्यावरचा कागद वाचा. समजा लिहिलंय: '४ जीबी २आर×८ पीसी३-१०६००एस'. यातला एकेक तुकडा कामाचा आहे. '२आर' म्हणजे पट्टीवर चिप्सचे दोन गट, '×८' म्हणजे एक चिप एका वेळी आठ बिट देते; या दोन्हींचं काम पुढे चिप्स मोजताना पडेल.

'पीसी३' म्हणजे डीडीआर३, ही रॅमची पिढी. ती जुळलीच पाहिजे, यात तडजोड नाही. डेस्कटॉपची डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्ही २४० दात्यांच्या, लांबीही तीच, पण खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं: डीडीआरला २.५, डीडीआर२ला १.८, डीडीआर३ला १.५, डीडीआर४ला १.२ व्होल्ट. लॅपटॉपच्या डीडीआर आणि डीडीआर२ पट्ट्या तर दोन्ही २०० दात्यांच्या आणि खाचेत अगदी थोडा फरक, तिथे नजर फसते. खाच बसत नसेल तर जोर लावू नका. ती खाच तुम्हाला थांबवण्यासाठीच आहे.

'१०६००' हा वेग. वेगाच्या दोन पद्धती चालतात म्हणून लोक गोंधळतात. डीडीआर३-१६०० आणि पीसी३-१२८०० एकच: १६०० ला ८ ने गुणलं की १२८००. डीडीआर२-८०० म्हणजे पीसी२-६४००. वेगाची फार काळजी करू नका. जास्त वेगाची पट्टी जुन्या मशीनमध्ये सहसा कमी वेगाने निमूट चालते, आणि दोन वेगळ्या वेगांच्या पट्ट्या लावल्या की दोन्ही हळू पट्टीच्या चालीने चालतात.

शेवटचं अक्षर फार महत्त्वाचं. 'एस' म्हणजे लॅपटॉपची छोटी पट्टी, 'यू' म्हणजे साध्या डेस्कटॉपची, 'ई' म्हणजे चुका दुरुस्त करणारी ईसीसी, 'आर' म्हणजे सर्व्हरची रजिस्टर्ड. रजिस्टर्ड पट्टी साध्या डेस्कटॉपमध्ये बसते, खाचही जुळते, पण मशीन सुरू होत नाही. सर्व्हरमधून निघालेल्या वापरलेल्या पट्ट्या स्वस्तात मिळतात आणि लोक याच जागी फसतात. ओळखायची सोपी खूण: एका ओळीत आठऐवजी नऊ चिप्स असतील तर ती ईसीसी, आणि मधोमध एक वेगळ्या आकाराची चिप असेल तर बहुधा रजिस्टर्ड.

'पीसी३'च्या पुढे 'एल' असेल तर ती १.३५ व्होल्टची डीडीआर३एल. ही १.५ व्होल्टवरही चालते. उलटं मात्र चालत नाही: इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टचीच पट्टी लागते, तिथे १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ घातली की काळा पडदा. मग डीडीआर३एल घेतली की सगळीकडे चालेल, असा सल्ला दिला जातो. व्होल्टेजपुरता तो खरा आहे. पण जुन्या मशीनवर तोच सल्ला लोकांना अडकवतो, आणि त्याचं कारण पुढे आहे.

चिप्स मोजा

एका डेस्कटॉपवर इंटेलचा जी४१ चिपसेट होता, डीडीआर३चे दोन स्लॉट, प्रत्येकात ४ जीबीपर्यंत चालेल असं माहितीपुस्तिकेत छापलेलं. मालकाने ४ जीबीची कोरी डीडीआर३ पट्टी आणली होती. पिढी बरोबर, वेग बरोबर, 'यू' अक्षर बरोबर. मशीन सुरू होईना. मी पट्टी दिव्याखाली धरली. एकाच बाजूला आठ काळ्या चिप्स, मागची बाजू कोरी. लेबलवर '१आर×८'. माझ्याकडच्या डब्यातून मी दुसरी ४ जीबीची जुनी पट्टी काढली, दोन्ही बाजूंना आठ-आठ, एकूण सोळा चिप्स, लेबलवर '२आर×८'. ती घातली आणि मशीन पहिल्याच बटणाला उठलं.

हिशेब साधा आहे. ४ जीबी सोळा चिप्समध्ये वाटली तर एका चिपच्या वाट्याला २ गिगाबिट येतात. आठमध्ये वाटली तर ४ गिगाबिट. क्षमता तीच, पण एकेक चिप दुप्पट दाट. चिपमधल्या एखाद्या ओळीपर्यंत पोचायला तिचा पत्ता द्यावा लागतो. २ गिगाबिटच्या ×८ चिपला ओळीच्या पत्त्यासाठी १५ बिट लागतात, ४ गिगाबिटच्या चिपला १६. जुन्या मेमरी कंट्रोलरकडे, म्हणजे मशीनच्या रॅम चालवणाऱ्या भागाकडे, तो सोळावा बिट नसतो. पंधरा चौकटींच्या अर्जात सोळा आकड्यांचा क्रमांक लिहिता येत नाही, तसंच हे. मग कंट्रोलर निम्मी चिप वापरतो किंवा सरळ सुरूच होत नाही.

हा आजार आजचा नाही. १९९८ च्या ४४०बीएक्स चिपसेटवर आठ चिप्सची २५६ एमबी एसडीरॅम (डीडीआरच्या आधीची पिढी) घातली की १२८ एमबीच दिसायची, सोळा चिप्सची घातली की पूर्ण दिसायची. दर पिढीत हेच पुन्हा घडतं, कारण नव्या पट्ट्या कमी आणि दाट चिप्सनी बनवणं स्वस्त पडतं, आणि बाजारात नवी मिळते ती दाटच असते. डीडीआर३एलचा घोळ हाच. ती नंतरच्या काळातली असल्याने तिच्यावर बहुधा ४ गिगाबिटच्या चिप्स असतात. कोअर २ च्या काळातल्या जीएम४५ चिपसेटच्या लॅपटॉपला तिचं व्होल्टेज चालेल, घनता चालणार नाही.

माझ्या वापरातले काही अंदाज:

- जी३१, डीडीआर२: एकूण ४ जीबी, एका स्लॉटात २.
- जी४१ आणि जीएम४५, डीडीआर३: एकूण ८ जीबी. ४ जीबीची पट्टी सोळा चिप्सचीच.
- इंटेलची पहिली कोअर आय पिढी: इथेही ४ जीबीची सोळा चिप्सची पट्टी घ्या. ८ जीबीच्या साध्या पट्टीच्या नादी लागू नका.
- दुसरी पिढी, म्हणजे २०११ नंतर: ८ जीबीची पट्टी चालते. एच६१ च्या दोन स्लॉटमध्ये १६ जीबी होते.
- १६ जीबीची एकच डीडीआर३ पट्टी: इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत चालत नाही.

'×८' मधला आकडाही बघा. मेमरीचा मार्ग ६४ बिट रुंद असतो, ×८ च्या आठ चिप्स तो भरतात. ×४ च्या असतील तर सोळा लागतात. ×४ चिप्सच्या साध्या डेस्कटॉप पट्ट्या 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्वस्तात विकल्या जातात. ही जाहिरातबाजी नाही, सूचना आहे. ×४ चिपला स्तंभाच्या पत्त्याला एक बिट जास्त लागतो आणि इंटेलचे डेस्कटॉप कंट्रोलर तसली साधी पट्टी स्वीकारत नाहीत. इंटेल बोर्डासाठी अशी पट्टी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

लेबल फाटलेलं असेल, किंवा त्यावर विश्वास नसेल, तर चिपवरची अक्षरं भिंगातून वाचा. सॅमसंगच्या चिपवर 'के४बी२जी०८४६' असं असेल तर '२जी' म्हणजे २ गिगाबिट आणि '०८' म्हणजे ×८. 'के४बी४जी०४' दिसलं तर ४ गिगाबिट आणि ×४. हायनिक्सच्या 'एच५टीक्यू२जी८३' मध्ये 'टीक्यू' म्हणजे १.५ व्होल्ट, 'टीसी' असतं तर १.३५, पुढे '२जी' घनता आणि '८' म्हणजे ×८. लेबल कुणीही छापून चिकटवू शकतो. चिपवर कोरलेलं बदलणं तेवढं सोपं नाही. म्हणून वापरलेली पट्टी घेताना मी विक्रेत्याकडे दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो मागतो, आणि तो मिळाला नाही तर ती पट्टी सोडून देतो.

बायोस

इथवर सगळं जुळूनही चालत नसेल तर सीमॉस, म्हणजे बायोसची सेटिंग जिथे साठते ती जागा, रिकामा करा. त्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो काढा, विशेषतः डिस्क जोडणाऱ्या साटाचा मोड आयडीई आहे की एएचसीआय त्याचा. सीमॉस रिकामा केल्यावर हा मोड कधीकधी बदलतो, विंडोज निळ्या पडद्यावर आपटते, आणि सगळे रॅमला दोष देतात. वीज काढून बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी दहा मिनिटं बाहेर ठेवली की पुरतं. ती काढलीच आहे तर नवी घाला.

बायोस अपडेट करायचं असेल तर फक्त जुन्या, खात्रीच्या रॅमवर आणि वीज जाणार नाही अशा वेळी. संशयित पट्टी आत असताना अपडेट कधीही करू नका. अपडेटची फाइल रॅममधूनच जाते, ती वाटेत बिघडली तर बोर्ड कायमचा गप्प होऊ शकतो.

रात्रभराची चाचणी

मशीन सुरू झालं म्हणजे जोडी जमली असं नाही. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरून मशीन सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक सोयीचं आहे, पण मी त्याच्या 'सगळं ठीक'वर थांबत नाही. एक जरी चूक दिसली तरी ती पट्टी नापास. 'एकच तर आहे' असं म्हणू नका. चूक दिसली की एकेक पट्टी वेगळी तपासा, मग स्लॉट बदलून तपासा. प्रत्येक पट्टी एकटी पास होते आणि जोडीने नापास, असं असेल तर बायोसमध्ये वेग एक पायरी खाली आणा आणि पुन्हा रात्रभर चालवा. त्याने भागलं तर तसंच वापरा, जुन्या मशीनवर तो फरक जाणवत नाही. व्होल्टेज वाढवून बघायचा मोह होतो, तो आवरा.

सगळ्याच पट्ट्या सगळ्याच स्लॉटमध्ये चुका दाखवत असतील तर रॅम सोडून इतरत्र बघा. जुना पॉवर सप्लाय हेच करतो. शक्य असेल तर चालता पॉवर सप्लाय उसना लावून चाचणी पुन्हा घ्या.

इथे थांबा

पुढच्या कुठल्याही परिस्थितीत मी स्वतः हात मागे घेतो आणि बोर्डाचं काम करणाऱ्याकडे मशीन पाठवतो:

- स्लॉटमध्ये जळका डाग, वितळलेलं प्लास्टिक किंवा वाकलेली पिन दिसली.
- बोर्डवर कॅपॅसिटर फुगलेले किंवा गळलेले आहेत.
- एका बाजूचे सगळे स्लॉट मेले आहेत. इंटेलच्या २००८ नंतरच्या कोअर आय मशीनमध्ये मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत गेला, त्यामुळे प्रोसेसरच्या सॉकेटमधली एक पिन वाकली तरी रॅमचा अख्खा चॅनेल, म्हणजे एका बाजूच्या स्लॉटपर्यंतचा मार्ग, जातो. ती पिन सरळ करणं भिंगाचं आणि सरावाचं काम आहे, घरच्या चिमट्याचं नाही.
- लॅपटॉपमध्ये बोर्डवर झाळलेली रॅम आहे आणि चूक तिच्यातच आहे. स्लॉटमधली पट्टी बदलून ती जाणार नाही.
- बायोस अपडेट अर्धवट राहिलं.
- मशीनमध्ये ज्याची दुसरी प्रत नाही असा डेटा आहे आणि ते सुरूच होत नाही. अशा वेळी आधी डिस्क काढून दुसऱ्या मशीनवर प्रत करून घ्या, तेही जमत नसेल तर डेटा काढून देणाऱ्याकडे द्या.

मशीन देताना दोन्ही पट्ट्या, एका वेळी एक पट्टी लावून केलेल्या चार ओळींचा तो कागद आणि मेमटेस्टच्या पडद्याचा फोटो बरोबर द्या. दुरुस्त करणाऱ्याचा पहिला तास वाचतो, आणि त्याने थेट 'बोर्ड गेला' म्हणून सांगितलं तर तुम्हालाही नेमकं विचारता येतं की कुठल्या स्लॉटवरून तसं ठरवलं.